ध्रुवापलीकडचे शेजारी

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो कपाटावरून खाली काढा आणि शिवणाच्या डब्यातला एक दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक अलास्काच्या अगदी वरच्या किनाऱ्यावर धरा. तिथे उत्कियाग्विक नावाचं गाव आहे. २०१६ पर्यंत त्याला बॅरो म्हणत, त्यामुळे बहुतेक नकाशांवर तेच नाव सापडेल. दुसरं टोक नॉर्वेच्याही पुष्कळ वर असलेल्या स्वालबार्ड बेटांवर, लाँगियरब्येनपाशी न्या आणि दोरा ताणा. ताण वाढेल तसा दोरा सरकत जातो आणि गोल ज्या खिळ्यावर फिरतो त्या उत्तर ध्रुवावरच्या खिळ्याला जवळजवळ खेटून थांबतो. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर हा दोरा जेमतेम आठ सेंटिमीटर भरतो. प्रत्यक्षात हे अंतर सुमारे ३,३९० किलोमीटर आहे. मुंबईहून क्वालालंपूरला जाणारं विमान याहून जास्त अंतर कापतं.

आता भिंतीवरचा जगाचा नकाशा बघा. तिथे हीच दोन गावं एकमेकांना परकी वाटतात. एक डाव्या कोपऱ्यात, दुसरं मध्याच्याही उजवीकडे, आणि मधे अख्खा कॅनडा आणि फुगवून दाखवलेलं ग्रीनलंड. नकाशावर विश्वास ठेवून उत्कियाग्विकच्याच अक्षवृत्तावरून पूर्वेकडे निघालात, तर लाँगियरब्येनच्या रेखावृत्तापर्यंत पोहोचायलाच सुमारे ६,१५० किलोमीटर लागतील आणि तिथून उत्तरेला आणखी पावणेआठशे. म्हणजे दोऱ्याच्या वाटेच्या दुप्पट. गोलाच्या पृष्ठभागावर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट ही बृहद्वृत्ताची असते, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा एक तुकडा. सपाट कागदावर ती वाट वाकडी दिसते, कारण वाकडा कागदच असतो.

त्या ३,३९० किलोमीटरच्या आकड्यातही एक गंमत दडलेली आहे. पृथ्वी नेमकी गोल धरून हिशेब केला तर अंतर ३,३८० किलोमीटरच्या आसपास येतं. पण पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. विषुववृत्तावरची तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवाकडची ६,३५७. चपटेपणामुळे ध्रुवाजवळ पृष्ठभागाची वक्रता थोडी कमी होते, म्हणून तिथला अक्षांशाचा एक अंश विषुववृत्ताजवळच्या एका अंशापेक्षा किलोमीटरभर लांब भरतो. या वाटेचे असे तीस अंश आहेत. पृथ्वीच्या आकारामुळे या दोन गावांमधलं अंतर दहा-पंधरा किलोमीटरने वाढलं आहे.

याहून मोठं नवल दिशेचं आहे. उत्कियाग्विकहून या वाटेने निघालेल्या विमानाचं नाक खऱ्या उत्तरेपासून फक्त तीन अंश पूर्वेला कललेलं असेल. लाँगियरब्येनला पोहोचताना तेच नाक जवळजवळ दक्षिणेकडे असेल. मधे वैमानिकाने एकदाही वळण घेतलेलं नसेल. तो नाकासमोर सरळ गेला. बदलली ती उत्तर. ध्रुवापर्यंत जी पुढे होती ती ध्रुव ओलांडताच मागे गेली. या वाटेचा ध्रुवाला सर्वांत जवळचा बिंदू सुमारे १०८ किलोमीटरवर येतो, आणि तिथे रेखावृत्तं इतकी दाटीवाटीने आलेली असतात की ताशी ८५० किलोमीटरने जाणाऱ्या विमानाची दिशा पंधरा मिनिटांत नव्वद अंशांनी फिरते. विमान तसूभरही न वळता ईशान्येचं आग्नेयेला तोंड करून बसतं.

होकायंत्राचा तिथे उपयोग नाही. त्याची सुई चुंबकीय ध्रुवाकडे वळते, आणि तो ध्रुव भटका आहे. १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस यांना तो कॅनडाच्या उत्तरेला, बूथिया द्वीपकल्पावर सापडला. तेव्हापासून सरकत सरकत तो आता आर्क्टिक महासागर ओलांडून सायबेरियाच्या दिशेने निघाला आहे. विमानं या भागात पहिल्यांदा उडू लागली तेव्हा तो अजून कॅनडाच्या बेटांमध्येच होता. म्हणजे ध्रुव आणि कॅनडा यांच्यामध्ये असलेल्या वैमानिकाला सुई उत्तर म्हणून जी दिशा दाखवायची ती प्रत्यक्षात दक्षिण असायची.

दोन्ही गावांची थोडी ओळख करून द्यायला हवी. उत्कियाग्विक हे इन्युपियाट लोकांचं गाव. पाच हजारांच्या आतबाहेर वस्ती, देवमाशाच्या शिकारीची फार जुनी परंपरा, आणि गावातून बाहेर जाणारा एकही रस्ता नाही. जड माल उन्हाळ्यात बर्फ हटल्यावर बार्जने येतो, बाकी सगळं विमानाने. नोव्हेंबरच्या मध्यानंतर मावळलेला सूर्य इथे जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात दिसतो. लाँगियरब्येन त्याहून निम्म्या वस्तीचं. जॉन मनरो लाँगियर या अमेरिकन उद्योजकाच्या कंपनीने १९०६ मध्ये कोळशाच्या खाणीसाठी ते वसवलं. त्या बेटांवरची नॉर्वेची शेवटची खाण २०२५ मध्ये बंद झाली. आज गाव संशोधन, विद्यार्थी आणि पर्यटक यांच्यावर चालतं. तिथली सूर्याची सुट्टी ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असते. १९७५ साली सुरू झालेल्या तिथल्या विमानतळाची धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर बांधली आहे. उन्हाळ्यात वरचा थर वितळला की ती ठिकठिकाणी खचते आणि पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागते.

दोन्ही गावांत जेट विमानं उतरू शकतात. अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या आत. साध्या बोइंग ७३७ ला एवढा पल्ला सहज झेपतो. चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत जाणं हे सगळं धरून साडेचार तास पुरावेत. पण असं विमान नाही. त्यामुळे उत्कियाग्विकच्या माणसाला लाँगियरब्येनला जायचं झालं तर त्याला ध्रुवाकडे पाठ फिरवून निघावं लागतं. आधी दक्षिणेला अँकरेज, सुमारे १,१६० किलोमीटर. तिथून सिअ‍ॅटल, २,३२५. सिअ‍ॅटलहून आइसलंडमधलं केफ्लाविक, ५,८१०. मग ऑस्लो, १,७८०. आणि ऑस्लोहून पुन्हा सरळ उत्तरेला, २,०१० किलोमीटरवर लाँगियरब्येन. बेरीज तेरा हजारांच्या वर जाते. उन्हाळ्याच्या मोसमात अँकरेजहून फ्रँकफर्टला थेट विमान मिळालं तर हजारभर किलोमीटर वाचतात, इतकंच. नुसता हवेतला वेळ अठरा तासांच्या आसपास होतो आणि मधल्या विमानतळांवरचं थांबणं धरलं तर सुखासुखी दोन दिवस लागतात.

हे अठरा तास लक्षात ठेवा, कारण हाच प्रवास १९२८ मध्ये एका विमानाने सरळ वाटेने केला होता. त्याला हवेत वीस तास वीस मिनिटं लागली होती.

त्याआधी, १९२६ च्या मे महिन्यात, उलट दिशेने एक हवाई जहाज गेलं होतं. स्वालबार्डवरच्या नी-ओलेसुनहून ११ मेला ‘नोर्गे’ निघालं. त्यात रोआल्ड आमुंडसेन, लिंकन एल्सवर्थ आणि ते जहाज बांधणारे इटालियन अभियंते उम्बेर्तो नोबिले होते. दुसऱ्या दिवशी ते ध्रुवावर पोहोचले, झेंडे खाली टाकले आणि पुढे गेले. अलास्कातलं नोम गाठायचं होतं, पण वादळाने वाट अडवली आणि निघाल्यापासून तीन दिवसांनी तिथल्याच टेलर नावाच्या छोट्या वस्तीपाशी कसंबसं उतरावं लागलं.

१९२८ च्या त्या उड्डाणामागचे जॉर्ज ह्यूबर्ट विल्किन्स हे ऑस्ट्रेलियन. त्यांना ध्रुवावर झेंडा टाकण्यात फारसं स्वारस्य नव्हतं. अलास्का आणि ध्रुव यांच्यामधला लाखो चौरस किलोमीटरचा प्रदेश तोवर कोणी पाहिलेला नव्हता. तिथे जमीन आहे की नुसता समुद्र, हे त्यांना बघायचं होतं. त्यांचे वैमानिक कार्ल बेन आयल्सन हे अलास्कात टपालाचं विमान चालवलेले. १९२७ मध्ये या दोघांचं विमान बर्फावर उतरलं ते पुन्हा उडालंच नाही, आणि फुटत्या-सरकत्या बर्फावरून कितीतरी दिवस चालत ते जिवंत परतले. थंडीने आयल्सन यांचं एक बोट गेलं. तरी पुढच्या वर्षी दोघे पुन्हा तिथेच हजर! दरम्यान विल्किन्स यांनी आपलं तीन इंजिनांचं फॉकर विमान चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ यांना विकलं आणि एका इंजिनाचं, लाकडी सांगाड्याचं लॉकहीड व्हेगा घेतलं. विकलेलं ते फॉकर म्हणजे ‘सदर्न क्रॉस’. त्याच वर्षी त्याने प्रशांत महासागर ओलांडला.

बॅरोला बर्फात धावपट्टी खणून काढावी लागली. इंधनाने जड झालेलं विमान सुरुवातीच्या प्रयत्नांत उठेचना, तेव्हा गावातल्या इन्युपियाट लोकांनी आणखी लांब पट्टा खणून दिला. १५ एप्रिल १९२८ ला विमान उठलं. आयल्सन चालवत होते आणि मागे बसून विल्किन्स हिशेब करत होते. मला या उड्डाणातला सर्वांत मोठा पराक्रम हा हिशेबच वाटतो. ते थेट ध्रुवावरून न जाता कॅनडाच्या बाजूने, न पाहिलेल्या भागावरून गेले. त्यामुळे वाट दीडशे किलोमीटरने वाढली आणि दिशेचा गुंता तर फारच वाढला. सुई भलतीकडे, रेखावृत्तं दर काही मिनिटांनी बदलणारी, खाली एकसारखं पांढरं, आणि खुणेला एकही डोंगर नाही. हाताशी होता फक्त सूर्य. त्या अक्षांशावर एप्रिलच्या मध्याला तो मावळत नाही, क्षितिजाच्या थोडा वर राहून चोवीस तास चक्कर मारतो. सेक्स्टंटने त्याची उंची मोजायची, घड्याळ बघायचं, आकडेमोड करायची आणि पायलटला नवी दिशा द्यायची. एका छोट्या, थरथरत्या, गोठलेल्या केबिनमध्ये हे वीस तास चाललं.

शेवटी स्वालबार्डची शिखरं दिसली, आणि त्याच वेळी वादळ आलं. इंधन संपत आलं होतं. एका छोट्या बेटावर सपाट जागा दिसली तिथे त्यांनी विमान उतरवलं. पाच दिवस बर्फाचं वादळ थांबलं नाही. आपण नेमके कुठे आहोत हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आभाळ उघडल्यावर निघायचं तर विमानाच्या घसरपट्ट्या बर्फाला चिकटलेल्या. कोणीतरी खाली उतरून विमान ढकलल्याशिवाय ते हलेना, आणि एकदा हलल्यावर थांबवता येईना. विल्किन्स ढकलत राहिले आणि विमान त्यांना खालीच सोडून उडालं. आयल्सन यांनी पाहिलं, चक्कर मारून परत उतरले. दुसऱ्यांदाही तेच झालं. थोडंसं उरलेलं इंधन दर चकरेत आणखी कमी होत होतं. तिसऱ्या खेपेला विल्किन्स यांनी एक पाय आत ठेवला, दुसऱ्याने खाली जोर लावला आणि विमान हललं तसे स्वतःला आत लोटून घेतलं. वर उठताच त्यांना बिनतारी यंत्रणेचे उंच खांब दिसले. ग्रीन हार्बरचं ते ठाणं बेटापासून अगदी जवळ होतं आणि लाँगियरब्येनही तिथून फार लांब नाही.

नवी जमीन त्यांना कुठेच दिसली नाही. तिथे समुद्रच आहे, हा त्यांच्या प्रवासाचा निष्कर्ष होता आणि तो अमोल होता. त्याच वर्षी विल्किन्स यांना ‘सर’ किताब मिळाला. आयल्सन पुढच्याच वर्षी सायबेरियाच्या किनाऱ्याजवळ बर्फात अडकलेल्या एका जहाजावरची माणसं आणायला गेले आणि विमान कोसळून गेले. विल्किन्स १९५८ मध्ये वारले. मार्च १९५९ मध्ये ‘स्केट’ ही अमेरिकन पाणबुडी उत्तर ध्रुवावर बर्फ फोडून वर आली आणि त्यांची रक्षा तिथे वाऱ्यावर सोडण्यात आली.

हीच वाट पुढे चौघांनी पायीही पार केली. वॉली हर्बर्ट, अ‍ॅलन गिल, रॉय कर्नर आणि केन हेजेस हे चौघे ब्रिटिश २१ फेब्रुवारी १९६८ ला बॅरोहून कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघाले. ध्रुवावर पोहोचले ६ एप्रिल १९६९ ला, आणि त्याच वर्षी २९ मेला त्यांच्यातल्या दोघांनी स्वालबार्डच्या उत्तरेच्या एका खडकाळ बेटावर पाय ठेवला. पंधरा महिने झाले होते. सरळ अंतर साडेतीन हजारांच्या आत असताना ते जवळजवळ सहा हजार किलोमीटर चालले, कारण खालची जमीन जागेवर राहत नव्हती. आर्क्टिक महासागरावरचा बर्फ सतत वाहतो. वारा आणि प्रवाह त्याला सायबेरियाच्या बाजूकडून ध्रुवावरून ग्रीनलंडच्या समुद्राकडे ढकलत नेतात, आणि अलास्काच्या उत्तरेला तो भल्यामोठ्या चक्रात गोल फिरतो. तुम्ही दिवसभर चालून तंबू ठोकता, झोपता, आणि सकाळी सूर्याची उंची मोजल्यावर कळतं की रात्रीत आपण मागे आलो. भेगा पडल्या की वळसा घ्यावा लागतो आणि दाबाने उभे राहिलेले बर्फाचे बांध कुदळीने फोडावे लागतात. हिवाळ्याच्या अंधारात त्यांनी कित्येक महिने एका बर्फाच्या तुकड्यावर मुक्काम केला आणि तो तुकडा त्यांना घेऊन वाहत राहिला. अन्नधान्य कॅनडाच्या हवाई दलाची विमानं वरून टाकत होती. दोन महिन्यांनी माणूस चंद्रावर उतरला आणि या चौघांची बातमी मागे पडली. पृथ्वीच्या माथ्यावरून केलेली अशी पायपीट याहून जास्त लक्षात राहायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

मग आज विमान का नाही? पहिलं कारण सरळ आहे: माणसं नाहीत. दोन्ही गावं मिळून साडेसात हजारांची वस्ती. एकाचे सगेसोयरे, दवाखाने, कॉलेजं अलास्कात, दुसऱ्याचे नॉर्वेत. विमानाची वाट भूगोल सुचवतो, पण ती चालू ठेवतात तिकीट काढणारी माणसं. प्रत्येक दूरचं गाव त्याच्या देशाच्या मोठ्या शहराशी बांधलेलं असतं आणि दोन दूरची गावं एकमेकांशी त्या शहरांमार्फतच बोलतात. अंतर कितीही कमी असलं तरी.

दुसरं कारण वाटेतल्या नियमांचं. दोन इंजिनांच्या विमानाला खास परवानगीशिवाय जवळच्या विमानतळापासून एका इंजिनावर तासाभरापेक्षा लांब जाता येत नाही. या वाटेच्या आसपास काय आहे? कॅनडाचं अलर्ट आणि ग्रीनलंडमधलं नॉर्ड, दोन्ही लष्करी ठाणी, खडीच्या धावपट्ट्या. ध्रुवीय भागातून जाणाऱ्या अमेरिकन कंपन्यांच्या विमानात कडक थंडीत बाहेर पडता येईल असे किमान दोन पोशाख ठेवावे लागतात. विमान कुठे उतरवावं लागलंच तर कर्मचाऱ्यांपैकी कोणालातरी दार उघडून बाहेर जाता यायला हवं.

इंधनाची काळजी वेगळीच. अमेरिकेत मिळणारं नेहमीचं जेट इंधन उणे ४० अंशांना गोठू लागतं, इतरत्र वापरलं जाणारं उणे ४७ ला. ध्रुवावर हिवाळ्यात अकरा किलोमीटर उंचीवरची हवा उणे ६५ पर्यंत जाते. पंखांतल्या टाक्यांमधलं इंधन तासागणिक थंड होत जातं आणि वैमानिकाला त्याच्या तापमानाच्या आकड्यावर डोळा ठेवावा लागतो. फारच उतरलं तर खालच्या, थोड्या उबदार थरात यायचं, नाहीतर वेग वाढवायचा. वेग वाढला की पंखावर दाबली जाणारी हवा तापते आणि अंशभर ऊब मिळते. त्या उंचीवर अंशभराचीही किंमत असते.

रेडिओचाही प्रश्न आहे. विषुववृत्तावर टांगल्यासारखे राहणारे दळणवळणाचे उपग्रह साधारण ८२ अंशांच्या पलीकडे क्षितिजाखाली जातात. तिथे लांब पल्ल्याच्या जुन्या रेडिओ लहरींवर किंवा ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांवर भिस्त ठेवावी लागते. सूर्यावर मोठं वादळ झालं की या लहरी ध्रुवाजवळ बंद पडतात आणि कंपन्या त्या दिवसाची विमानं खालच्या, लांबच्या वाटेने पाठवतात. पंधरा कोटी किलोमीटरवरच्या घटनेमुळे एखाद्या विमानाला तासभर उशीर होतो, हे वाचताना मी दर वेळी थबकतो.

एवढं असूनही ही वाट ओस नाही. मार्च २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर फिनएअरने हेलसिंकी ते टोकियो विमान ध्रुवावरून न्यायला सुरुवात केली. नॉर्वे, स्वालबार्ड, ध्रुव, अलास्का अशी ती वाट. साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला आणि प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र मिळू लागलं. याच कंपनीने १९८३ मध्ये याच कारणासाठी, सोव्हिएत आकाश टाळायला, हीच दिशा धरली होती. म्हणजे आपल्या दोन गावांमधली सरळ वाट कापणारी माणसं रोज आहेत. ती वरून जातात, चार तासांत, जेवण आणि झोप घेत, आणि दोन्हींपैकी कुठेच उतरत नाहीत.

आपली विमानंही या भागात गेली आहेत. १५ ऑगस्ट २०१९ ला एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान ध्रुवावरून गेलं. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूपर्यंतचं विमान ध्रुवावरून आणलं. पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना असलेल्या शहरांना जोडणारी जवळची वाट बहुधा माथ्यावरूनच जाते.

समजा, उत्कियाग्विक–लाँगियरब्येन विमान उद्या सुरू झालं, तर त्याचं वेळापत्रक छापणाऱ्याची पंचाईत होईल. दोन्हीकडच्या घड्याळांत दहा तासांचा फरक आहे. उत्कियाग्विकहून सकाळी आठला निघालेला माणूस साडेचार तासांनी उतरेल तेव्हा लाँगियरब्येनला रात्रीचे साडेदहा वाजलेले असतील. उलट, लाँगियरब्येनहून सकाळी आठला निघालेला माणूस उत्कियाग्विकला त्याच तारखेच्या पहाटे अडीचला उतरेल. निघाला त्याच्या साडेपाच तास आधी! आणि मेच्या अखेरीस गेला तर वाटेत त्याला रात्र दिसणारच नाही. सूर्य क्षितिजाला समांतर फिरत राहील, फक्त विमानाच्या एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाईल.

या वाटेच्या स्वालबार्डकडच्या टोकाशी गोव्याचं जुनं नातं आहे. वास्कोतली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था नी-ओलेसुनमध्ये ‘हिमाद्री’ हे भारताचं केंद्र चालवते. ते १ जुलै २००८ ला सुरू झालं. स्वालबार्डच्या १९२० च्या करारावर ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचीही सही आहे. गोव्याहून निघालेला शास्त्रज्ञ ऑस्लोमार्गे लाँगियरब्येनला पोहोचतो. तिथून एक छोटं पंख्याचं विमान शंभर-एक किलोमीटरचं अंतर सुमारे पंचवीस मिनिटांत कापून त्याला नी-ओलेसुनला नेतं. तेही हवा नीट असेल तरच. ‘नोर्गे’ ज्या उंच लोखंडी खांबाला बांधलं होतं तो खांब नी-ओलेसुनला अजून उभा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी मोहीम तिथे गेली, त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही.

गावाला लागून असलेल्या काँग्सफ्योर्ड खाडीत २०१४ मध्ये याच संस्थेने ‘इंडआर्क’ नावाची उपकरणांची साखळी सुमारे १९० मीटर खोलीवर सोडली. पाण्याचं तापमान आणि खारटपणा ती वर्षभर मोजते. अटलांटिकचं कोमट पाणी आर्क्टिकमध्ये किती आणि कधी शिरतं, त्याने बर्फाचं काय होतं आणि त्याचा आपल्या पावसाशी काही संबंध आहे का, हे त्यातून शोधलं जातंय. सप्टेंबरमध्ये आर्क्टिकवर उरणारा बर्फ १९८० च्या सुमारास सत्तर लाख चौरस किलोमीटरच्या आसपास असे. २०१२ च्या सप्टेंबरात तो चौतीस लाखांवर आला. जो उरतो तोही पातळ, एकाच हिवाळ्यात गोठलेला. हर्बर्ट आणि त्यांचे सोबती उन्हाळाभर ज्या जाड बर्फावर तंबू ठोकून राहिले, तसा वर्षानुवर्षं न वितळलेला बर्फ आता फार थोडा उरलाय. बॅरोहून कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघणाऱ्याला आज वाटेत कितीतरी ठिकाणी नाव लागेल.